बाबांच्या ट्रकचा रंग

"बेबीताई, हे उठून नाही राहिले वो..." वहिनींचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला माझ्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी कुटत होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दादाकडे अमरावतीला जायचं होतं आणि त्याला ती चटणी हवी होती. "उठून नाही राहिले म्हणजे काय? पाणी मारा तोंडावर!" मी वहिनींवर चक्क ओरडले. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या सायंकाळीच तर बोललो होतो आम्ही! चांगला खिदळत होता. "बाबांची पेटी घासली बरं बेबी," म्हणाला. मी विचारलं, काय निघालं? तर म्हणे, "फोनवर नाई सांगत. तू ये, मंग बोलू." ना शुगर, ना बीपी, रोज सकाळी वलगाव रोडनं तासभर फिरणारा माणूस. झोपेत गेला. आता काही आठवडे झालेत, तरी फोन वाजला की मला त्याचाच वाटतो आणि मग स्वतःचाच राग येतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीकांत. अमरावतीच्या कॉलेजात त्यानं जन्मभर गणित शिकवलं आणि घरी येऊन जन्मभर वीतवीतभर लांबीचे लष्करी ट्रक केले. दुसऱ्या महायुद्धातले, ब्रिटिश फौजेचे. टपालानं प्लॅस्टिकचे सुटे भाग यायचे, हा ते जोडायचा आणि मग रंगासाठी महिनोन् महिने अडून बसायचा. मी एकदा सहज म्हणाले, "सगळे खाकीच तर होते ना रे?" झालं! जेवण राहिलं बाजूला. खाकी म्हणजे कोणती खाकी, वाळवंटात गेलेल्या गाड्या वाळूच्या रंगाच्या, जंगलात गेलेल्या हिरव्या, मधल्या काळात हिरव्या रंगाची टंचाई पडली म्हणून तपकिरी... वरण थंड होईस्तोवर ऐकावं लागलं. जुन्या फोटोंवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. काळ्यापांढऱ्या फोटोत हिरवा आणि तपकिरी एकसारखेच दिसतात म्हणायचा. उन्हात राहिलेला पत्राही त्याला चालत नसे. जिथं ऊन पोचलं नाही तिथलाच रंग खरा, हे त्याचं ठाम मत.

तेल्हाऱ्याला आमच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडायची वेळ झाली आणि मामा म्हणून उभा राहायचा हा माणूस गायब! शोधत शोधत मी शेजारच्या जिनिंगच्या आवारात गेले, तर एका जुन्या सडक्या ट्रकखालून नव्या सफारीतले दोन पाय बाहेर आलेले. लढाईनंतर लिलावात निघालेला ट्रक होता म्हणे, पुढं कितीतरी वर्षं त्यानं कापसाच्या गाठी वाहिल्या. दादा खाली उताणा पडून सीटखालचा पत्रा ओल्या वॉटर पेपरनं हळूहळू घासत होता. रंगाचे थर एकाखाली एक उघडे पडतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. "पाह्य बेबी, हा पिवळा मालकाचा, हा निळा त्याच्या आधीच्याचा, अन् हा मधातला... हा सरकारी!" असा आनंद की जणू नवरी त्याचीच. "ऊठ, लोक काय म्हणून राह्यले तिकडं!" मी त्याच्या पायाला धरून त्याला ओढला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्याच्या पाठीला ग्रीस आहे.

हे वेड कुठून आलं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आमचे बाबा त्या लढाईत ट्रक चालवत. कुठं चालवत, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की उठून अंगणात जात. आई म्हणायची, "लई दूर होते," बस्स. मी शाळेत असतानाच बाबा गेले. मागं एक फोटो राहिला, ट्रकला टेकून उभे असलेल्या तरण्याताठ्या बाबांचा, आणि त्या ट्रकमधली, पाने-पकडी ठेवायची लोखंडी पेटी. बाबांचा ट्रक त्याच्या खऱ्या रंगात करायचा, एवढं एकच दादाला करायचं होतं. पेटी ट्रकच्याच रंगाची असणार; तिच्यावरच्या थरांखाली वाळूचा रंग निघाला तर बाबा आफ्रिकेच्या वाळवंटात होते, हिरवा निघाला तर ब्रह्मदेशाच्या जंगलात. आपला बाप तारुण्यात कुठं होता हे लेकरांना माहीत नसावं, हे त्याला फार लागायचं. ट्रक केव्हाचा जोडून तयार होता, नुसता रंगाआधीच्या करड्या अस्तरावर थांबलेला. पेटी मात्र आईनं लग्नात मला दिली होती, कुरड्या-पापड भरून. ती यंदा त्यानं मागितली, "घासली की पुन्हा येत नाई बरं बेबी, ते जुनं रूप," म्हणून दहादा विचारलं आणि मगच नेली.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी दादाच्या खोलीत गेले. खरं सांगते, तो गेल्याच्या दुःखापेक्षाही मला ते बघायची घाई झाली होती. त्याला कळलं होतं, मलाही कळायला हवं होतं. पेटी टेबलावर होती. झाकणाच्या आतल्या बाजूला, ऊन न लागलेल्या कोपऱ्यात, रुपयाएवढी जागा घासलेली. बाहेरचं वर्तुळ माझ्या अकोल्याच्या स्वयंपाकघराचं निळं. त्याच्या आत माहेरच्या दाराचं पोपटी. आणि मधोमध तांबडा. आईनं बाबा परत आल्यावर स्वतः लावलेला, पहिला हात. त्याच्याखाली काहीच उघडं नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं... दादा तांबड्यावरच थांबला होता.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी म्हटलं, घासून घ्या ना वो एकदाचं. तर म्हणे, नाई, बेबी आल्यावर. दोघांचे बाबा होत, मी एकट्यानं काहून पाहू?"

"अरे पाहून घ्यायचं ना बाबा!" मी ओरडले. कोणावर ओरडले कोण जाणे. सारा जन्म ज्यासाठी घालवला ते नखभर खाली होतं, आणि हा शहाणा रविवारची वाट पाहत झोपी गेला... मग मी मोठ्यानं रडले. स्मशानात नाही रडले इतकी.

वहिनींनी वाटीत पाणी आणलं. मी घासू लागले, तो घासायचा तसं, हलक्या हातानं. पाणी तांबडं झालं, वहिनींनी फडक्यानं टिपलं, पुन्हा घासलं. आणि तो वर आला. ओला, गडद, जुन्या निंबाच्या पाल्यासारखा.

"कोणता वो हा?" वहिनींनी विचारलं.

"हिरवा," मी म्हणाले. आणि थांबले. हिरवा म्हणजे कोणता हिरवा, असं कोणीच विचारलं नाही.