दोघांकडून आलेलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

मी खालापूरचा. मायटोकॉन्ड्रियावर संशोधन करतो. पेशीला ऊर्जा देणारे हे कण केंद्रकाचे नुसते हुकूम पाळत नाहीत, आपली हालहवाल त्याला कळवतातही. त्यांचे काही आरएनए प्रथिनं बनवत नाहीत. ते निरोप पोचवत असावेत, काही तर थेट केंद्रकातच सापडतात. हे बोलणं लागतंच, कारण मायटोकॉन्ड्रियाची बहुतेक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात — आणि ती जनुकं आईबाप दोघांकडून येतात. वर्गात मी हे रंगवून शिकवतो. आणि घरी?

दादाचा मुलगा ओम. बसायला लागलेलं पोर, हळूहळू मान टाकायला लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी मायटोकॉन्ड्रियाचा आजार सांगितला. "हे कुठनं आलं रं?" आईनं मला विचारलं. मी तोऱ्यात सांगून टाकलं — मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात.

"म्हंजे हिच्याकडनं," आई म्हणाली. वहिनी तिथंच ओमला भरवत होती.

इथवर निदान मूर्खपणा म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणायचं?

जनुकांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी मलाच फोन केला. दादानंच तसं सांगून ठेवलं होतं. दोष केंद्रकातल्या जनुकात होता. आईबाप दोघांकडून आलेला; एकाकडूनच आला असता तर ओम धडधाकट राहिला असता. "घरी तुम्हीच समजवा," डॉक्टर म्हणाले. माझं तेव्हा लग्न ठरत होतं. दादात दोष, म्हणजे माझ्यातही असू शकतो — मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर? मी घरी सांगितलं, नवीन काही निघालं नाही.

आईनं वहिनीला ओमसकट माहेरी, कोंडाण्याला धाडलं. दादा गप्प बसला. ओम तिथंच वारला. दादानं दुसरं लग्न केलं, दोन मुलं झाली, धडधाकट. "बघा, दोष कुणात होता ते," आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मी समोर बसून जेवत असायचो. आईचा संताप येतो, दादाचा येतो — पण मी कुठल्या तोंडानं चिडू?

आणि ऐका — लग्नानंतर मी गुपचूप स्वतःची तपासणी करून घेतली. माझ्यात तो दोष नव्हता. म्हणजे भ्यायचंही कारण उरलं नाही. तरी बोललो नाही.

मग एकदा खालापूरच्या स्टँडवर वहिनी भेटली. साजगावला कारखान्यात कामाला लागली होती.

"भावजी, एक इचारू? ते माझ्याकडनंच आलं होतं का वो?"

मी समोरच्या गाडीची पाटी वाचू लागलो.

"कामावर एक जण हाय. लगीन करू म्हनतो. मानूस चांगला हाय. पन परत पोर तसंच झालं तर?"

दुसऱ्या माणसाशी लग्न केलं तर ती भीती जवळपास नव्हतीच, कारण नेमका तोच दोष त्याच्यातही असणं फार दुर्मीळ. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की मागचं सगळं उघडं पडणार — म्हणून मी म्हणालो, "धोका असतो, वहिनी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग नाय म्हनून सांगते त्याला." आणि गाडीत चढताना विचारलं, "तुमची छकुली बरी हाय ना?"

तिनं लग्न केलं नाही. आजही ती मानते की ओमला तिनंच मारलं. हे तिला मी सांगितलं. खरं माहीत असताना सांगितलं.