कोपऱ्यातली पायरी

आमच्या गल्लीमागच्या कॉलेजात फुटबॉलला नवा कोच आला आणि आमच्या कोपऱ्याकडं बॉल यायचा बंद झाला.

आधी खेळ सरळ होता. बॉल उजवीकडं लांब मारायचा, पोरगं लाइनीनं कोपऱ्यापर्यंत पळायचं आणि तिथनं बॉल उचलून गोलपुढं टाकायचं. बायको भाकऱ्या उरकून दुसऱ्या हाफलाच यायची. म्हणून तेव्हा आपली पोरं ज्या कोपऱ्याकडं चढायची, तिथलीच मैदानाकडंची पायरी आम्ही बसायला धरलेली. पोरगं समोर आलं की ती उठून ओरडायची, "पळ की मुडद्या, सासुरवाडीला चाललायस व्हय!" पोरगं हसायचं, पण पळायचं.

ती थंडीत गेली. कोच उन्हाळ्यात आला.

आता बॉल मधनंच फिरतो, ह्याच्या पायातनं त्याच्या पायात. आमचा कोपरा कोरडा. वर टीम जिंकतीया, त्याचाच जास्त राग येतो. हरली असती तर म्हणालो असतो, बघा, जुनं मोडलं की असं होतं. तेवढंसुद्धा नशिबात नाही.

काल शेजारचा शामू म्हणाला, "आबा, मधल्या पायरीवर चला की. हितनं काय दिसतंय?"

"काय न्हाई दिसत."

"मग?"

मग काय! माणूस गेलं म्हणून खेळ थांबत नाही, हे शिकवायला मला कोच नको. सरकीन मी मधे. पण मी उठलो की ह्या पायरीवर कुणीतरी पाय पसरून बसंल, आणि हितं कोण ओरडायचं, हे त्याला ठाऊकसुद्धा नसंल.