पाण्याच्या पिंपाचं मनोगत

“तुमच्यात असं अक्षर असतं?”

काकूंनी माझी वही खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली होती. एक पान बघितलं, दुसरं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दारातल्या पायपुसण्यावर उभी होते, कारण आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं. मला तिथे घेऊन आलेल्या आमच्या मराठीच्या बाई मात्र सोफ्यावर बसून चहा पीत होत्या.

“हो ना, मलाही आश्चर्यच वाटतं,” बाई म्हणाल्या. आणि दोघी हसल्या.

मीसुद्धा हसले. त्या दोघींचं सोडा, ते माझं हसणं मला अजून सलतं. अपमान झाला की राग यायला वेळ लागतो. हसू आधी येतं. गरिबाच्या तोंडावर ते तयारच असतं.

तेव्हा मी नववीत होते. आमची शाळा मुलुंड पूर्वेची, मराठी माध्यमाची. टॉवरमधली मुलंही तिथे येत आणि मिठागराकडच्या चाळीतली आम्हीही. काकूंचा ओंकार त्याच शाळेत दहावीला होता. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि तो टर्फवर फुटबॉल खेळताना पडला. उजवा हात मोडला. अशा मुलाला बोर्ड लेखनिक घेऊ देतं. सगळे रायटर म्हणतात. मुलाने सांगायचं, रायटरने लिहायचं. नियम असा की रायटर खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे त्याला उत्तरं येणार नाहीत. नियम करणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केला नव्हता. शेजारच्या ताईची दहावीची जुनी पुस्तकं आमच्या माळ्यावर पडून होती. घरात वाचायला दुसरं काही नसल्यामुळे मराठीचं पुस्तक मी दोनदा वाचून संपवलं होतं.

रोज संध्याकाळी काकूंकडे सराव सुरू झाला. मी बसायच्या आधी काकू डायनिंगच्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरायच्या. “पेनाची शाई सांडते गं,” म्हणायच्या. बॉलपेनाची शाई सांडलेली मी तरी आजवर पाहिलेली नाही. पण मी कागदावर बसायचे. उठताना कागद चिकटून यायचा, तो काढून घडी घालून ठेवायचे.

ओंकार वाईट मुलगा नव्हता. गणित, सायन्स त्याला फाडफाड यायचं. मराठीचं नाव काढलं की त्याची वाट लागायची. “यार, निबंधात एवढं लिहायचं काय असतं?” तीन वाक्यं सांगायचा आणि छताकडे बघत बसायचा. एके दिवशी न राहवून चौथं वाक्य मीच लिहिलं. मग पाचवं. मग पान भरलं. ओंकारने वाचलं आणि म्हणाला, “झकास.” काकूंनी वाचलं आणि वही घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर वर्तमानपत्र नव्हतं. माझ्यासमोर पोह्यांची बशी आली. बाईही आल्या होत्या.

“परीक्षेत हा अडला तर तू थांबू नकोस,” काकू म्हणाल्या. “लिहीत राहा. तुला काय, सुचतंच.”

मी बाईंकडे बघितलं. बाई पोह्यांतले शेंगदाणे वेचत होत्या.

“पण काकू, ती कॉपी होईल ना?”

“कॉपी कसली? मदत आहे. आणि तुझ्या मार्कांना पुढे कोण विचारणार आहे? त्याचं अख्खं आयुष्य आहे ह्यावर.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. त्यात माझा एकही शब्द नाही.

आता खरं सांगते, कारण खोटं सांगायचं तर हे लिहायचंच कशाला. मला कुणी धमकावलं नाही. कुणी हात पिरगाळला नाही. मला आवडलं होतं. टॉवरमधली बाई माझ्यासारखीवर अवलंबून आहे, माझ्या डोक्यातलं तिच्या मुलाला हवंय, ह्याची मला चक्क मजा वाटली. घरी आईला सांगितलं, “मी ओंकारदादाला मदत करते.” आई एका नर्सिंग होममध्ये आया आहे. मदत हा शब्द तिला आवडला.

मराठीचा पेपर. आम्हाला वेगळी खोली दिली होती. पर्यवेक्षक बाई दाराशी उभ्या राहून पॅसेजमधल्या दुसऱ्या बाईंशी बोलत होत्या. शेवटचा प्रश्न निबंधाचा. ‘घरातल्या एका जुन्या वस्तूचे मनोगत.’

“टीव्हीवर लिही काहीतरी,” ओंकार कुजबुजला आणि पट्टीने प्लास्टरच्या आतलं खाजवायला लागला.

मी टीव्हीवर लिहिलं नाही. आमच्या दारात एक निळं पिंप आहे, प्लास्टिकचं, माझ्या जन्माच्या आधीचं. मी त्याचं मनोगत लिहिलं. पहाटे पाचला नळाला पाणी येतं, तासाभरात जातं. तेवढ्यात पिंप भरलं नाही तर अख्खा दिवस वाया. पिंप म्हणतं, ह्या घरात माझ्यासाठी एक बाई सगळ्यांच्या आधी उठते. उठल्यावर ती देवाचं नाव घेत नाही, रांगेत घुसलेल्या शेजारणीचं घेते. पाणी तळाला गेलं की माझ्या बुडाखाली एका बाजूने वीट सरकवतात. मी कलतो, म्हणजे उरलेलं पाणी एका कडेला येतं आणि तांब्यात घेता येतं. माणसं म्हणतात, म्हातारा वाकला. मी वाकलेलो नाही, शेवटचा तांब्या देतोय. असं बरंच काही. लिहिताना मी ओंकारला विसरले, परीक्षा विसरले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मला लिहिता येतं.

उत्तरपत्रिकेवर नंबर त्याचा होता.

बाकीच्या पेपरांतही त्याला येत होतं ते त्याने सांगितलं, राहिलेलं मी भरलं. निकाल लागला. ओंकार मराठीत शाळेत पहिला. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने त्याचं नाव आलं. मला दोन पेढे मिळाले. काकूंना मात्र तेवढ्याने समाधान नव्हतं. मराठीत गेलेले चार मार्क गेले कुठे, हे बघायला त्यांनी बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली.

ती झेरॉक्स फिरत फिरत माझ्याच वर्गात आली.

मी दहावीत गेले होते. बाई आमच्या वर्गशिक्षिका. एके दिवशी झेरॉक्स हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “निबंध कसा असतो, ऐका. गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या ओंकारचा आहे.” आणि वाचायला लागल्या. निळं पिंप. पहाटेचं पाणी. वीट.

मला वाटलं, बाई मध्येच माझ्याकडे बघतील. नजर तरी चुकवतील. काही नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते.

“बघा,” त्या म्हणाल्या, “मोठ्या फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा. चोवीस तास पाणी. पण चाळीतल्या माणसांविषयी केवढा कळवळा! ह्याला म्हणतात संवेदनशीलता. तुमच्यातली कितीतरी जणं चाळीत राहतात. दिसलं कधी तुम्हाला हे?”

पेपर मीच दिला होता. मार्क मीच दिले होते. ते गेले, जाऊ देत. पण माझी आई? पहाटे उठणारी, रांगेत भांडणारी माझी आई त्याचा कळवळा कधी झाली? आमचं जगणं त्याच्या नावावर लागलं होतं आणि वर बाई आम्हालाच विचारत होत्या की तुम्हाला ते दिसलं नाही का. चोर तो चोर वर शिरजोर.

मी उभी राहिले.

“बाई, तो निबंध माझा आहे.”

“अक्षर तुझंच असणार,” बाई शांतपणे म्हणाल्या. “रायटर तूच होतीस.”

“अक्षर नाही. निबंध. त्याने टीव्हीवर लिही म्हणून सांगितलं होतं. त्याला विचारा, बुडाखाली वीट का ठेवतात. निबंधातली त्यापुढची एक ओळ त्याला सांगता आली तर मी शाळा सोडते.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. “खाली बस,” त्या म्हणाल्या. मी तास संपेपर्यंत बसले नाही.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक कागद तयार होता. त्यावर छापलं होतं की मी फक्त लेखनिक होते, सगळा मजकूर विद्यार्थ्याने सांगितला, आणि वर्गात मी खोटं बोलले. खाली सहीची जागा.

“हे बघ,” मुख्याध्यापक म्हणाले, “तू म्हणतेस ते खरं धरलं तर कॉपी तू केलीस. तुझं दहावीचं वर्ष आहे. परीक्षेला बसू देतील का तुला? त्याचं काय, तो कॉलेजात गेला.”

बाई एवढंच म्हणाल्या, “तोंडी परीक्षेचे वीस मार्क माझ्या हातात आहेत, लक्षात ठेव.”

आई माझ्याकडे वळली. चिडली की ती गावची बोली बोलते. “कर गो सही. वरस फुकट जायत.”

आईचं बरोबर होतं. दहावीचे मार्क सोडले तर आमच्याकडे दुसरं होतं काय? ओळख नाही, मॅनेजमेंट कोटा नाही, वडील कुरिअरच्या गोडाऊनमध्ये. मला माटुंग्याच्या एका कॉलेजात सायन्सला जायचं होतं. त्याची कटऑफ मला तोंडपाठ होती. सही केली असती तर वीसपैकी एकोणीस मिळाले असते, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

मी पेन घेतलं. कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘निबंध मी लिहिला. त्याने सांगितला नव्हता. ही कॉपी आहे आणि ती मी केली, मला कबूल आहे. ती करायला काकूंनी बाईंसमोर सांगितलं.’ खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, सही.

आई म्हणाली, “देवा.” मुख्याध्यापकांनी वाचलं. बाईंनी वाचलं. मग कागदाची घडी झाली आणि ती ड्रॉवरमध्ये गेली. पुढे त्या कागदाचं काय झालं मला माहीत नाही. तो बोर्डाकडे पाठवला असता तर माझ्याबरोबर तेही अडकले असते. म्हणून मला परीक्षेला बसू दिलं. शिक्षा त्यांनी त्यांच्या हातात होती तेवढी दिली. तोंडी परीक्षेत वीसपैकी अकरा. ‘ळ’ला ‘ल’ म्हणणाऱ्या मुलाला अठरा होते.

माटुंग्याचं कॉलेज पाच मार्कांनी गेलं. पाच. शेवटच्या यादीपर्यंत मी रोज बघत होते. त्या आठवड्यात आईने माझ्याकडे नीट बघितलंही नाही. ओंकारला पुढे इंजिनीअरिंगला मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश मिळाला. तिथे त्याला मराठीचे मार्क कुणी विचारलेच नाहीत. त्याच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न होता म्हणे.

माझ्या अकरावीचे प्रवेश संपले त्या आठवड्यात स्टेशनबाहेरच्या भाजीवालीपाशी काकू भेटल्या. कोथिंबिरीची जुडी निवडत होत्या. मला बघून थांबल्या. चेहरा अगदी मायेचा केला.

“कळलं मला, तुझं कॉलेज हुकलं. वाईट वाटून घेऊ नकोस हं. मार्क म्हणजे काही सगळं नसतं.”

हे मी पुढेही पुष्कळांकडून ऐकलं. पेपरात लिहितात, भाषणात सांगतात. मार्कांना काही किंमत नसते म्हणे. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरात मार्कांवाचून चालेल एवढं आधीच भरलेलं असतं.

“सगळंच असतं, काकू,” मी म्हणाले. “म्हणून तर तुम्ही माझे घेतलेत.”

“अगं, हळू बोल.”

“ह्यापुढे माझ्या हातून कुणाला अर्धा मार्कसुद्धा मिळणार नाही. तो निबंध माझा आहे. कॉपी केली तीही मीच. दोन्ही मी भेटेल त्याला सांगणार आहे. आणि मला मार्क मिळवायचेत, इतके की ते कापायला तुमच्या बाईंचे वीस पुरणार नाहीत.”

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. भाजीवाली तराजू धरून ऐकत होती, शेजारच्या दोन बायकाही थांबल्या होत्या. मी आवाज खाली आणला नाही. पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.