चुडा चढवायच्या दिवशी

जमनीच्या डोक्यात तेव्हा नुसता गुंता झाला होता, अन् दोष द्यायला माणूस सापडेना. फुलसिंग तिनं स्वतःच पसंत केलेला. तीजेच्या सणाला शेजारच्या तांड्यावरून आला, हिच्याकडं बघता बघता डफाचा ताल चुकला, अन् हिला तेवढंच पुरलं. सगाई झाली. याडी, म्हणजे तिची आई, खूश, बाप खूश. नवरीचं विचारूच नका.

त्याच साली, एकसष्टात, तांड्यावरची सातवी पास झालेली ही एकटी पोरगी पांढरकवड्याला दवाखान्यात सुईणीचं काम शिकू लागली होती. पहिलं बाळ हातावर आलं त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही, इतकी हरखली. पण डॉक्टरीणबाईंचा एकच हेका. हात दंडापर्यंत मोकळे, साबणानं घासलेले, तरच बाळंतिणीजवळ यायचं. अन् तांड्याची रीत अशी की लग्नात बाईच्या हातांत दंडापर्यंत चुडा चढतो, तो नवरा जिवंत असेतो उतरत नाही. घ्या आता!

जमनीला फुलसिंग हवा होता. काम हवं होतं. खरं सांगायचं तर चुडाही हवा होता. याडीच्या हाताचा खुळखुळाट ऐकत झोपलेली पोर ती. तिनं फुलसिंगला विचारलं. तो म्हणाला, नको घालू, मी घरी समजावतो. दुसरी कुणी आनंदानं नाचली असती. ही बया चिडली! याच्या परवानगीनं मोकळं व्हायचं, तर ते मोकळं कसलं? अन् परवानगी दिली नसती तर रडत बसली असती. आपल्याला नेमकं काय पाहिजे, हेच तिला उमगेना.

चुडा चढवायच्या दिवशी सासू रुपीबाई समोर बसली. डावा हात भरला. उजवा जमनीनं मागं घेतला. लग्न झालेल्या बाईचा दंड उघडा दिसतो तो रांडपण आल्यावरच. फुलसिंग दाराशी उभा होता. समजावतो म्हणणारा गडी, पण त्या हाताकडं पाहून पांढराफटक पडला, स्वतःचं मढं पाहिल्यासारखा.

जमनीनं ते पाहिलं. तिनं हात पुढं केला.

"घाला," ती सासूला म्हणाली. "पण दवाखान्याच्या दारात मीच काढीन, अन् मीच घालीन." मग फुलसिंगकडं वळली. "दर खेपेला असाच भेशील काय?"

"भेव तर लागनच," फुलसिंग म्हणाला. "पण तू जाजो दवाखान्यात."

रुपीबाईनं उजवा हात भरला. जमनीला हुंदका फुटला. नवऱ्या रडतातच, म्हणून बायका हसल्या. आपण जिंकलो की हरलो, ते त्या पोरीला काही केल्या कळेना.