जुन्या गायकाची चौकशी

सुभेदार गाणं उभं राहून ऐकायचे. खोलीत लोखंडी कॉट होती, दोन खुर्च्या होत्या. पण स्पीकर सुरू झाला की ते उठायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि पाय जरा फाकवून, गाणं संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मान डोलावणं नाही, पायाने ठेका धरणं नाही. समोर कुणी साहेब सूचना देतोय आणि हे ऐकून घेतायत, असं वाटावं. आणि गाणी कोणती, तर हेवी मेटल. नुसती गिटारांची खरखर, ड्रमचा मारा आणि त्यावर छाती फुटेस्तोवर ओरडणारा गायक. मी एकदा म्हटलं, "आवं सुभेदार, बसून ऐका की." ते म्हणाले, "भजन बसून ऐकावं, सर. ह्यो गडी एवढा जीव तोडून वरडतोय, आन आपण बसून ऐकायचं व्हय?"

वडूजच्या बाहेर, येरळा नदीच्या अलीकडे त्यांचं मळ्यातलं घर होतं. मी तेव्हा वडूजच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला होतो. घर सांगलीला, इथे भाड्याची खोली, आणि संध्याकाळी करण्यासारखं काहीही नाही. एका रविवारी मी आमच्या आवडत्या बँडचा काळा टी-शर्ट घालून आठवडे बाजारात वांगी निवडत होतो. मागून आवाज आला, "शर्ट नुसता घातलाय, का ऐकता बी?" वळून पाहिलं तर पांढऱ्या मिशांचा, ताठ कण्याचा माणूस. इस्त्रीची पँट, पायात पॉलिश केलेले बूट. मी म्हटलं, "ऐकतो." त्यांनी तिथेच, वांग्यांच्या ढिगासमोर, माझी परीक्षा घेतली. तिसऱ्या अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं? मी सांगितलं. "चुकलं," ते म्हणाले, "पण चला, च्या घिऊ."

बँडचं नाव सांगत नाही. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातली ती माणसं. सुभेदारांना त्या गाण्यातला एक शब्द कळत नव्हता. फौजेत ते गाड्या चालवायचे. शिलाँगकडे पोस्टिंग असताना त्यांच्या शेजारच्या सीटवर एक नागा जवान असायचा. त्याच्याकडे या बँडची एकच कॅसेट होती. दरीच्या कडेने ताफा चालायचा, धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा आणि ती कॅसेट वाजत राहायची. "झोप लागू ने म्हणून लावायचा त्यो. मला पैल्यांदा वाटलं, टेप बिघडलाय. मग सवय झाली. मग त्याच्याबिगर गाडी चालवाय येईना." शब्द कळत नाहीत याचं त्यांना दुःख नव्हतं. "जन्मभर हुकूम ऐकले, सर. ह्यात काय हुकूम न्हाई. नुसता आवाज."

ते रिटायर होऊन गावी आले तेव्हा घर रिकामं होतं. त्याच्या वर्षभर आधी बायको वारली होती, मुलगा विक्रम पुण्यात नोकरीला होता. गावात त्यांना मान होता, झेंडावंदनाला बोलावणं असायचं. पण संध्याकाळी गप्पा मारायला कुणी त्या मळ्यात जात नसे. शेजारच्या रानात ज्वारी राखणारे म्हणत, सुभेदाराच्या घरात काय कापत्यात कुणाला ठावं. त्यामुळे मी त्यांना आमच्या ग्रुपमध्ये घेतलं, तेव्हा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो. सातारा-सांगलीकडची आम्ही थोडी मंडळी फोनवर या बँडविषयी बोलत असू. त्यातले दोघे बोलके. विट्याचा ओंकार, जिमला जाणारा, तापट पोरगा; आणि सांगलीचे दातांचे डॉक्टर, ज्यांना प्रत्येक गाण्याचा सूर किती वर जातो ते तोंडपाठ. सुभेदार रोज सकाळी ग्रुपवर 'जय हिंद' आणि एक गाणं टाकायचे. कुणी अंगठ्याचं चित्र टाकलं तरी त्यांचा दिवस चांगला जायचा.

मग ती बातमी आली. बँडने गायक बदलला. जुना, म्हणजे सुरुवातीपासून गाणारा, आता बँडमध्ये नसेल. त्याच्या जागी एक तरुण गायक येईल. कारण कुणी नीट सांगितलं नाही.

ग्रुपवर नुसती आग लागली. ओंकारने उसाच्या फडामागे उभं राहून बँडचा टी-शर्ट जाळला आणि त्याचा व्हिडिओ टाकला. "बँड संपला. यापुढं यांचं नाव काढायचं नाही." डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. गाणी गिटारवाला लिहितो, चालीही त्याच्याच, म्हणजे बँड तोच. जुन्याचा घसा गेली काही वर्षं उतरलाच होता. यावर ओंकार म्हणाला, "आवाज म्हणजेच बँड. उद्या तुमच्या खुर्चीत दुसरा डॉक्टर बसवला तर चालंल का?" डॉक्टर म्हणाले, "दात नीट काढत असेल तर पेशंटला काय फरक पडतो?" असं दिवसभर चालायचं. नव्या गायकाची एकेक क्लिप यायची आणि लोक ती भिंगाखाली धरल्यासारखी तपासायचे. इथे श्वास चुकला, इथे नक्कल केली, इथे मात्र चांगलं गायलं.

सुभेदार या सगळ्यात गप्प होते. कुणीतरी विचारलं, "काका, तुमचं मत काय?" त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्यांनी आवाजी निरोप पाठवला. मी तो कॉलेजच्या जिन्यात उभा राहून ऐकला. "नवा चांगला असंल. नवा चांगलाच असतोय. माझं म्हणणं येगळं हाय. त्यो जुना आता दिवसभर काय करत असंल?"

खाली हसणारे चेहरे आले. ओंकारने लिहिलं, "काका, त्याच्याकडं बंगला हाय, तळं हाय. मासं धरत असंल." पण सुभेदार तिथे थांबले नाहीत. दोन-चार दिवसांनी पुन्हा निरोप, "त्या जुन्याचं काय कळलं का?" नव्याचं पहिलं गाणं आलं, सगळे त्यावर तुटून पडले, आणि मध्येच सुभेदारांचा आवाज, "गाणं ऐकलं. झ्याक हाय. जुन्यानं ऐकलं असंल का?" लोक वैतागले. कुणीतरी त्यांचं नाव 'पेन्शन विभाग' ठेवलं. ते सकाळी 'जय हिंद' म्हणाले की खाली उत्तर यायचं, 'पेन्शन विभाग उघडला.' डॉक्टर तेवढे सभ्य. त्यांनीही एकदा मला खासगीत लिहिलं, तुमच्या मित्राला जरा समजवा, विषय गाण्याचा आहे.

मी काही समजावलं नाही. संध्याकाळी मळ्यात गेलो की ते विचारायचे, "बगा की सर, काय बातमी हाय का त्याची?" मी फोनवर शोधायचो. त्या माणसाने कुठे काही लिहिणं बंद केलं होतं. एकदा मात्र एक फोटो मिळाला. त्याच्या गावच्या बाजारात कुणा चाहत्याने लांबून काढलेला. केस पांढरे झालेले, अंगात जाड कोट, हातात भाजीची कापडी पिशवी. सुभेदारांनी चष्मा लावला आणि फोटो बराच वेळ पाहिला. "पिशवी घरनं घिऊन आलाय," ते म्हणाले. "म्हंजे घरात सांगणारं कुणीतरी हाय." आणि थोड्या वेळाने, "का एकटाच हाय, म्हणून आपलं आपणच ध्यानात ठिवलंय?" त्यांच्या स्वतःच्या दारामागे खिळ्याला तशीच एक पिशवी टांगलेली होती. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बँड बंगळूरला येणार असल्याचं जाहीर झालं. सुभेदारांनी हा बँड प्रत्यक्ष कधीच पाहिला नव्हता. फौजेत असताना एकदा संधी होती, तेव्हा रजा मिळाली नव्हती. ते म्हणाले, "जाऊ या, सर. एकदा बगून तरी घिऊ." मिरजेहून आम्ही गाडी धरली. त्यांनी घडीच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात चहा घेतला होता. रात्रभर ते खिडकीशी बसून होते.

मैदानावर हजारो काळे टी-शर्ट आणि त्यात पांढरा शर्ट घातलेले सुभेदार. पोरं "अंकल, अंकल" करत त्यांच्यासोबत फोटो काढत होती. नवा गायक आला. शिडशिडीत, घाबरलेला पोरगा. पहिल्या ओळीला त्याचा आवाज जरा अडकला आणि सगळं मैदान श्वास रोखून थांबलं. मग त्याने सूर पकडला, आणि असा पकडला की अंगावर काटा आला. जे मैदान जमलंच होतं मुळी तक्रार करायला, ते एका गाण्यात त्याचं झालं. लोक त्याचं नाव घेऊन ओरडू लागले. मीही ओरडलो. थोडं पुढे, कुणाच्या तरी खांद्यावर बसून, नव्या कोऱ्या टी-शर्टमध्ये, घसा फोडून गाणारा एक पोरगा दिसला. तो विट्याचा ओंकार होता.

"सुभेदार, ते बघा!" म्हणून मी वळलो, तर सुभेदार जागेवर नव्हते.

गर्दीतून वाट काढत मी बाहेर आलो. फाटकापलीकडे फुटपाथच्या कठड्यावर ते बसले होते. भिंतीवरून आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? चांगला गातोय पोरगा. लय चांगला. जुन्यापेक्षा वरचा सूर लावतोय."

"मग बाहेर का आलात?"

त्यांनी भिंतीकडे हात केला. "एवढी माणसं हायत आत. त्या जुन्याचं नाव एकानं काढलं न्हाई. वंगाळ बी बोललं न्हाई कोण. म्हटलं, एक माणूस तरी भायर असू दे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. ते म्हणाले, तुमी जावा आत. मी गेलो नाही. मग त्यांनी मला त्यांच्या रिटायर होण्याचा दिवस सांगितला. आदल्या संध्याकाळी मोठा खाना झाला, हार घातले, पोरांनी जीपला दोर लावून ती फाटकापर्यंत ओढली. सगळे रडले. दुसऱ्या दिवशी ट्रंक बांधताना त्यांच्या लक्षात आलं की थर्मास आत गाड्यांच्या शेडमध्येच राहिला. म्हणून परत गेले. आत नवे सुभेदार परेड घेत होते. "आवाज कडक हुता त्याचा. गाड्या बी रांगेत, माझ्यापेक्षा नीट. आन फाटकावरच्या पोरानं मला पास इचारला." त्यांनी हाताने मिशी सारखी केली. "त्याचं काय चुकलं? नवीन हुता बिचारा. मी बी म्हटलं न्हाई कोण हाय म्हणून. म्हटलं, एक थर्मास राहिलाय, तेवढा दे आणून."

"दिला?"

"दिला की. सल्यूट न्हाई मारला, पर थर्मास दिला."

आत गाणं संपलं आणि टाळ्यांचा लोट भिंतीवरून आमच्या अंगावर आला.

परत आल्यावर सुभेदारांनी ग्रुप सोडला. भांडून नाही, सकाळी 'जय हिंद' टाकलं आणि बाहेर पडले. त्यावर फार चर्चा झाली नाही. तिथे तेव्हा बंगळूरच्या फोटोंची गर्दी होती. पुढच्या जूनमध्ये मला सांगलीच्या कॉलेजात जागा मिळाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मळ्यातली ताजी मेथी बांधून दिली आणि एस.टी.पर्यंत चालत आले. गाडी सुटताना म्हणाले, "फोन करा असं म्हणणार न्हाई. तुमाला कामं असत्यात. मी करीन." आणि ते करायचे. आठवड्याला एकदा, ठरावीक वेळेला. पाऊस, ज्वारी, गुडघा आणि शेवटी, "त्याचं काय कळलं का?"

एक दिवस वेळ सोडून भर दुपारी फोन आला. मी प्रयोगशाळेत होतो. घाबरतच उचलला.

"सर, त्याला काम लागलं!"

"कुणाला?"

"आवं जुन्याला! मीच बातमी काढली. ते भाषांतराचं बटण असतंय नव्हं, ते दाबलं. त्याच्या गावातल्या शाळेत पोरांना गाणं शिकीवतोय. फोटो बी हाय. बारकी-बारकी पोरं हायत, आन ह्यो मधी उभा. हसतोय, सर. एवढ्या वर्सात मी त्याला हसताना बगितला नव्हता." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी बर्नर बंद करून स्टुलावर बसलो. मुलं माझ्याकडे पाहत होती. सुभेदार बोलतच राहिले. ती शाळा कशी आहे, खिडक्या कशा मोठ्या आहेत, पोरांच्या अंगात स्वेटर आहेत.

तो त्यांचा मला आलेला शेवटचा फोन. त्याच आठवड्यात झोपेतच ते गेले. शेजारच्या ज्वारीवाल्याला सकाळी दार बंद दिसलं.

तेराव्याला मी वडूजला गेलो. जेवणं झाली, पाहुणे पांगले. विक्रम, त्यांचा मुलगा, ओट्यावर एकटाच बसला होता. बापासारखाच ताठ, पण डोळे थकलेले. मला म्हणाला, "सर, बाबा फोनवर तुमच्याबद्दल बोलायचे. आणि त्या गायकाबद्दल. जुना गेला, नवा आला. मला वाटायचं, गावातल्या भजनी मंडळाचं काहीतरी असेल. मी हं हं करायचो. शेवटी एकदा मी फोन केला, तर कुणाला तरी काम लागलं म्हणून खूप खूश होते. मी विचारलंही नाही कुणाला."

मी त्याला सगळं सांगितलं. कॅसेट, नागा जवान, ग्रुप, बंगळूर, शाळा. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "ऐकवता का एखादं?"

आम्ही आत गेलो. मी जुन्या गायकाचं एक गाणं लावलं, सुभेदार नेहमी लावायचे तेवढ्याच आवाजात. विक्रम पहिल्या फटक्याला दचकला. कपाळावर आठी पडली. एकदा वाटलं, उठून जाईल. पण तो थांबला. गाणं लांबलचक होतं. संपलं तेव्हा माळावरचा वारा ऐकू येऊ लागला.

"मला काही कळलं नाही, सर," तो म्हणाला.

मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "पुढचं लावा."