टोकावड्याचा सुजलेला पडदा

शहापूरच्या एका शाळेत मी क्लार्क आहे. शाळेतल्या कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि त्यातलं काही अडलं की सगळे माझ्याकडे बघतात. एवढ्याशा भांडवलावर सासुरवाडीत मी कॉम्प्युटरचा मोठा जाणकार ठरलो होतो. हा मान टिकावा म्हणून मी माझा जुना लॅपटॉप पुसून-बिसून, त्यावर लिनक्स टाकून, टोकावड्याला सासऱ्यांना नेऊन दिला.

सासरे एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाचे अर्ज लिहायचं काम अंगावर घेतलं. वाकलेला विजेचा खांब, बुजलेली मोरी, कशावरही ते अर्ज करत. टाइप एका बोटानं करायचे आणि प्रत्येक कळ हॉर्न दाबल्यासारखी दाबायचे.

एका रविवारी सकाळीच त्यांचा फोन आला.

"जावईबापू, पडदा सुजलाय."

"सुजलाय म्हणजे?"

"म्हणजे फुगलाय. 'माननीय तहसीलदार साहेब' लिवला, तर नुसता 'मान' दिसतोय. एवढा मोठा, की पलीकडच्या आळीतून वाचता येईल."

मी जाणकाराच्या आवाजात सांगितलं, "घाबरू नका. माऊस उजवीकडे वरच्या कोपऱ्यात न्या."

"नेला."

"तिथं काय दिसतंय?"

"काय नाय. मी कोपऱ्याकडं गेलो का सगळा पडदाच सरकतो. आता 'साहेब' आला बघा. पण 'मान' गेला."

अर्धा तास आम्ही साहेबाच्या मागे धावलो. शेवटी मी मोटरसायकल काढली आणि किन्हवली, सरळगाव करत टोकावड्याला पोचलो.

लॅपटॉप पडवीत टेबलावर होता. सासरे बाजूला खुर्चीत, पेशंटच्या नातेवाइकासारखे. मी आधी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथं सगळं जागच्या जागी होतं. जे बरोबर आहे ते बदलायचं नसतं, हे मला कळतं, पण सासरे बघत होते. काहीतरी करणं भाग होतं. मी रिझोल्यूशन बदललं. सुजलेली अक्षरं आता सुजलेली आणि धुरकट झाली. पडदा आडवा-उभा करायचं एक बटण होतं, तेही दाबून पाहिलं. 'मान' कुशीवर वळली. सासऱ्यांनी आपली मान तिरपी केली आणि म्हणाले, "आधी बरा होता."

सगळं पूर्ववत करता करता घाम फुटला. मशीन बंद करून चालू केलं, तरी सूज तशीच. अखेर भटकत भटकत मी एका सेटिंगमध्ये पोचलो, जिथं कमी दिसणाऱ्यांसाठी, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सोयी असतात. तिथं 'झूम' चालू होतं. ते बंद केलं आणि पडदा एकदम माणसात आला.

"कसा काय झाला होता?" सासऱ्यांनी विचारलं.

"चुकून एखादी कळ दाबली गेली असेल."

"माझ्याकडून? इतकी वर्षं घाटात गाडी चालवली, कधी चुकून गिअर पडला नाय!"

कीबोर्डावर तीन कळांवर लाल टिकल्या चिकटलेल्या दिसल्या. सुट्टीत माझी मुलगी इथं येऊन गेली होती, तिचाच उद्योग असणार म्हणून मी त्या नखानं खरवडून टाकल्या. सासूबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. जेवताना सासऱ्यांनी माझं कौतुक केलं.

पुढच्याच आठवड्यात फोन. पडदा सुजला. या वेळी मी त्यांना फोनवरच झूमपर्यंत पोचवलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी कधी व्होल्टेजला दोष दिला, कधी उकाड्याला. सासऱ्यांना उकाड्याचं पटलं, कारण इंजिन तापलं की काय होतं ते त्यांना माहीत होतं. ते लॅपटॉपला पंख्याखाली झोपवू लागले आणि स्वतः पंख्याबाहेर झोपू लागले. तरी सूज उतरेना.

मग मी पुन्हा गेलो. आता रोगाच्या मुळावरच घाव घालायचा ठरवलं होतं. वाचून काढलं होतं की चार चौकोनांची खूण असलेली कळ, शेजारची 'ऑल्ट' आणि आठाचा आकडा एकदम दाबला, की पडदा मोठा होतो. पुन्हा दाबला की लहान. लॅपटॉप उघडला तर त्याच तीन कळांवर टिकल्या पुन्हा हजर. मुलगी तर शहापुरात होती. पण जाणकार माणसाला टिकलीपुढे थांबायला वेळ कुठला? मी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकटच काढून टाकला आणि जाहीर केलं, "आता कोणी कितीही कळा बडवा, पडदा हलणार नाही."

जेवण झालं. सासरे आत घोरायला लागले. मी पडवीतल्या बाकावर आडवा झालो. डोळा लागणार एवढ्यात टक टक असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा टक टक टक. डोळे किलकिले करून पाहिलं. सासूबाई लॅपटॉपसमोर बसल्या होत्या, नाक पडद्याला टेकेल इतक्या जवळ, आणि तीन बोटांनी तीन टिकल्या दाबत होत्या.

मी जागा आहे हे त्यांनी ओळखलं. दचकल्या नाहीत. उलट माझ्यावरच डोळे वटारून हळू आवाजात म्हणाल्या, "काय ओ, या कळा मारल्या तुमी?"

मी उठून बसलो. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता, एकट्यानं खेळायचा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सासऱ्यांना तरुणपणी रमीचं वेड होतं. सासूबाईंनी एकदा त्यांचा पत्त्यांचा जोड चुलीत घातला आणि या घरात पुन्हा पत्ता दिसता कामा नये असं बजावलं. सासऱ्यांनी तो शब्द आजवर पाळला होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"पुसता पुसता एक दिवस उघडला," त्या म्हणाल्या. "मंग लागली गोडी. पण बदाम कुठला नि चौकट कुठली, काय समजंना. एकदा फडक्यानं पुसताना सगळा मोठा झाला. कुठल्या कळा दाबल्या त्या शोधायला पाच-सात दुपारी गेल्या. हे उठायच्या आत बारीक करून ठेवायची. कधी राहून जातंय."

"डोळ्यांचं कुणाला सांगितलंत का?"

"सांगितला तर दवाखान्यात नेतील."

मला हसूही येत होतं आणि ओशाळंही वाटत होतं. मोठ्या पडद्याला मी इतके दिवस रोग समजत होतो. आमचा तह झाला. मी शॉर्टकट परत चालू करायचा, पत्त्यांबद्दल गप्प राहायचं. त्यांनी डोळे तपासून घ्यायचे. त्यांनी बरीच घासाघीस केली, पण शेवटी मान्य केलं.

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी वाईट गेले. तपासणीत मोतीबिंदू निघाला, ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली, आणि तोवर पडदा अधूनमधून सुजतच राहिला. सासऱ्यांचा फोन आला की मी म्हणायचो, "बाबा, लिनक्समध्ये तसं होतंच." टोकावड्याच्या नाक्यावर ते उघड सांगू लागले की जावई माणूस चांगला आहे, पण कॉम्प्युटरमधलं त्याला फारसं कळत नाही. बायकोच्या कानावर हे आलं तेव्हा तिनं मला विचारलं, "खरंच?" मी हो म्हणालो. शब्द दिला होता.

ऑपरेशन कल्याणला झालं. पट्टी निघाली आणि सासूबाईंना लांबूनही स्पष्ट दिसू लागलं. पडद्याची सूज कायमची उतरली. सासऱ्यांनी याचं श्रेय पंख्याला दिलं.

पण चांगलं दिसायला लागल्यावर सासूबाई बेफिकीर झाल्या. एका दुपारी आम्ही सगळे तिथं असताना त्या आरामात मागे टेकून डाव खेळत होत्या आणि सासरे झोपेतून उठून मागे येऊन उभे राहिले. ते पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "चौकटची दश्शी त्या किलवरच्या गुलामावर टाक."

सासूबाईंनी वळून पाहिलं नाही. कान लाल झाले होते. "दिसतंय मला," त्या म्हणाल्या आणि दश्शी टाकली.

सासऱ्यांनी खुर्ची ओढली.

हल्ली फोन सासूबाईंचा येतो. दोघांना समोरासमोर खेळता येईल असा रमीचा डाव लॅपटॉपवर टाकून हवा आहे. मी शोधतोय. अडचण एवढीच, की त्यांची एक अट आहे आणि ती कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही: "हरायचं ते यांनीच."