ती पिन माझी हाय!

"हात सोडू का?"

गाडी चालवताना आमच्या मिस्त्रींनी हे विचारलं की शेजारी बसलेल्यानं रामरक्षा सुरू करावी. उत्तराची वाट न बघता ते दोन्ही हात चाकावरून उचलायचे. "बघा, कशी नीट चाललीय!" तेवढ्यात गाडी गटाराच्या काठाला. "आज वारा लई हाय," असं म्हणून ते चाक धरायचे. सोलापूर, मे महिना, झाडाचं पान हलत नाही, आणि म्हणे वारा!

मिस्त्री गिरणीत फिटर. मी त्याच गिरणीत कारकून, आणि चाळीत त्यांचा शेजारी. म्हणजे गाडी ढकलायला पहिली हाक मला. ती गाडी त्यांनी स्वतः बांधली होती. लष्करानं मोडीत काढलेल्या जीपचा सांगाडा, घरी ठोकलेली पत्र्याची बॉडी आणि बसायला बंद पडलेल्या थेटरातल्या खुर्च्या. माणूस उठला की खुर्ची खाडकन मिटायची. चाळीतली पोरं तेवढ्यासाठी दिवसभर चढायची-उतरायची.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? तर लग्नाच्या मांडवात मेव्हण्यांनी चिडवलं, तेव्हा हे महाशय सगळ्यांदेखत बोलून बसले होते, "तुमच्या बहिणीला माहेरी आणीन तर माझ्या मोटारीतनं!" वहिनींचं माहेर टेंभुर्णी. मेव्हणे असली गोष्ट विसरतात होय? दर दिवाळीला हे दोघं एस्टीतून उतरले की स्वागत ठरलेलं, "दाजी, मोटार मागनं येतीय का?"

मोटार झाली. पण वहिनींना घेऊन पहिलीच फेरी मारताना मंडईच्या कोपऱ्यावर मिस्त्रींनी चाक उजवीकडे फिरवलं, आणि गाडी सरळ जाऊन मेथीच्या ढिगात थांबली. वहिनी उतरल्या, पदरातली मेथी झटकली आणि भर मंडईत म्हणाल्या, "बैलगाडीनं जाईन, चालत जाईन, पन ह्या गाडीत पुन्ना बसनार न्हाय!"

तो घाव मिस्त्रींच्या वर्मी बसला. चाक पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म, हा आजार ते शोधू लागले. मी चाक डावी-उजवीकडे हलवायचं, त्यांनी खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवून ढिलेपणा कुठं आहे ते बघायचं. दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय-रॉडचे एंड बदलले. चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिन बदलल्या. प्रत्येक नव्या वस्तूला नारळ फुटायचा, चाळीला खोबरं मिळायचं आणि गाडी पुन्हा गटाराकडे. आम्हाला खोबऱ्याचा कंटाळा आला, पण ह्या गड्याचा उत्साह काही आटेना.

अशात वहिनींच्या भावानं टेंभुर्णीत नवं घर बांधलं. रविवारी वास्तुशांत. शनिवारी दुपारी मिस्त्री पुन्हा गाडीखाली शिरले आणि पोट अडकून बसले. मी पाय धरून ओढतोय, ते आतून मलाच शिव्या देताहेत. चहा घेऊन आलेल्या वहिनी हसून हसून खाली बसल्या.

मिस्त्री कसेबसे बाहेर निघाले, तशा पदर खोचून त्यांना म्हणाल्या, "तुमी बसा वर. हलवा चाक. मी बघते."

त्या पुढच्या बाजूनं वाकल्या. एकेका सांध्यावर हात ठेवत गेल्या. "हितं न्हाय. हितं बी न्हाय." दोन्ही चाकांना वळवणारा एक लोखंडी हात पुढच्या एक्सलवर मधोमध एका पिनवर फिरतो. त्यावर तळवा ठेवला आणि त्या ओरडल्या, "हितं! गदगदा हालतंय की!"

"ते सोड. ती पिन माझी हाय. मी सोता लेथवर घडवलीय."

"तुमी घडवली म्हनून झिजायची न्हाय व्हय?"

मिस्त्रींचं तोंड बघण्यासारखं झालं. खरंच, विकत आणलेली प्रत्येक वस्तू त्यांनी संशयानं तपासली होती. स्वतःच्या पिनला बोटसुद्धा लावलं नव्हतं. काढली तर ती एका अंगानं पार खाल्लेली, आणि ती ज्यात फिरते तो गोल बुश लंबगोल झालेला. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आयला! पानीच द्यायचं राहिलं व्हतं हिला!" लाल तापवून पाण्यात न बुडवलेलं लोखंड मऊच राहणार. मग असे हसले, असे हसले, की समोरची विणकर बाई माग थांबवून खिडकीत आली. त्याच संध्याकाळी नवी पिन घडवली, पाणी दिलं, पितळी बुश बसवला. नारळ मात्र वहिनींनी फोडला.

रविवारी सकाळी चाळ रस्त्यावर. नव्या लुगड्यात वहिनी थेटरच्या खुर्चीत. गाडी निघाली आणि थोडं पुढं जाताच मिस्त्रींनी दोन्ही हात सोडले, हात जोडून साऱ्या गल्लीला नमस्कार केला. गाडी सुतासारखी सरळ! "चाक धरा आधी!" वहिनींची किंकाळी ऐकू आली, आणि मागोमाग त्यांचंच हसू. त्या दिवशी मेव्हण्यांनी वेशीपासून वाजतगाजत नेलं म्हणे.

पुढे मिस्त्री निवृत्त होऊन टेंभुर्णीलाच राहिले आणि तिथंच गेले. त्यांची आठवण आली की मला आधी हसूच येतं. ते गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा वहिनी चहासाठी आलं ठेचत होत्या. हातात लोखंडाचा तुकडा. मी लगेच ओळखला.

"वहिनी, ही तर ती झिजलेली पिन!"

त्यांनी ती पदरानं पुसली. झिजलेली बाजू तळव्यात झाकली.

"कुटं झिजलीय भावजी? त्यांनी घडवलीय ती. त्या दिवशी माझाच हात चुकला असंल."